हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, ओहोटीच्या हिशोबाने

हरिहरेश्वरला येणारे बहुतेक जण शनिवार-रविवार पाहून खोली घेतात, देवदर्शन करतात आणि दर्शन आटोपलं की देवळामागच्या पायऱ्यांनी प्रदक्षिणेला निघतात. टेकडी चढून पलीकडच्या घळीच्या तोंडाशी पोचल्यावर खाली पाहतात, तर वाट पाण्याखाली. लाट कड्यावर आपटते आणि तिचे तुषार थेट पायऱ्यांवर येतात. काही जण तिथूनच परत फिरतात आणि हा सगळा कातळ न पाहता घरी जातात. काही जण मात्र ‘दोन लाटांच्या मधे पटकन जाऊ’ म्हणतात. या वाटेवर माणसं वाहून गेली आहेत, ती अशाच वेळी. दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी हरिहरेश्वरचा बेत सुट्टीवरून न ठरवता तिथीवरून ठरवावा लागतो, एवढंच.

गाव रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, तालुक्याच्या पार दक्षिण टोकाला आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे बाणकोट, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. देवळाच्या दोन्ही अंगांना वाळूची पुळण आहे आणि मधे समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड. प्रदक्षिणा म्हणजे या सोंडेला घातलेला वळसा. देऊळ आणि डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या हाताला. न थांबता चाललं तर पाऊण-एक तासात होते, पण न थांबता चालायची ही जागा नाही. दोन तास हाताशी ठेवावेत, आणि हे दोन तास कुठले, त्यावर सगळं अवलंबून आहे.

पाण्याचं घड्याळ कसं वाचायचं, ते आधी सांगतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी जुना तोंडी हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून एकने सुरू करायची आणि पौर्णिमा-अमावास्येला पंधरावर संपवायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला आणि दुपारी चारच्या आसपास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बारा-सव्वाबाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या पुढे, ओहोटी साडेपाच-सहाला.

हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो. तिथी सूर्योदयाला कुठवर आली आहे, त्यावर थोडा फरक पडतो, वाऱ्यावर थोडा. बेत ठरवायला तो पुरेसा आहे, खडकावर उतरायला नाही. उतरायच्या दिवशी भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघाच. कोष्टकात हरिहरेश्वर सापडत नाही, मग लोक मुंबईची वेळ धरतात. भरतीचं पाणी आपल्याकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे येतं, त्यामुळे मुंबईच्या आधी ते इथे पोचतं. मुंबईच्या कोष्टकात दहाला ओहोटी दिली असेल तर इथे ती त्याआधीच होऊन पाणी वळलेलं असू शकतं. मुंबईची वेळ वापरायचीच असेल, तर निदान अर्धा तास आधीची धरा.

आता वेळेइतकीच महत्त्वाची गोष्ट: पाणी किती खाली जाणार. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, भांगाला दोन्ही मध्यम. उधाण म्हटलं की भीती वाटते आणि भरतीच्या वेळी ती रास्तच आहे. पण खडक बघायला हवी असते ती उधाणाचीच ओहोटी, कारण तेव्हा कातळ सर्वांत लांबवर उघडा पडतो. शिवाय उधाण नेमकं पौर्णिमेला शिगेला पोचत नाही, एक-दोन दिवस मागाहून पोचतं. म्हणजे द्वितीया, तृतीया. तिथीच्या हिशोबात घालून बघा: द्वितीयेची ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास, तृतीयेची साडेआठच्या, चतुर्थीची सव्वानऊच्या. उजेड आहे, ऊन कोवळं आहे, पाणी खोल गेलेलं आहे. कार्तिक ते माघ या महिन्यांतली द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध किंवा वद्य, यापेक्षा चांगला मुहूर्त या वाटेला नाही. महिन्यात असे सहा दिवस मिळतात आणि त्यातला एखादा शनिवार किंवा रविवारी येतोच येतो, निदान एक महिना पुढेमागे.

याच हिशोबातून एक गोष्ट ध्यानात येते, जी भाविकांना कुणी सांगत नाही. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे दर्शनाची गर्दी सर्वांत जास्त असते त्या सकाळी साडेदहाला उधाणाची भरती कड्याला भिडलेली असते. पौर्णिमेलाही तेच, सव्वाअकरा-साडेअकरा. मोठ्या पर्वाच्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहून दर्शन घ्यायचं आणि लगोलग प्रदक्षिणेला निघायचं, हा क्रम म्हणूनच चुकतो. शिवरात्रीला यायचंच असेल तर सकाळी दर्शन घ्या, दुपारी विश्रांती घ्या आणि तीन-साडेतीनला घळीकडे निघा. पावणेपाचच्या आसपास ओहोटी आहे. गर्दीत वाट अरुंद होते हे लक्षात घेऊन म्हाताऱ्या माणसांना मात्र त्या दिवशी खाली नेऊ नका.

संकष्टीला येणाऱ्यांचं नशीब चांगलं. वद्य चतुर्थीची ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास पडते.

दुपारच्या ओहोटीलाही एक मोल आहे. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो. चालायला गारवा मिळतो, पण खडकावरची नक्षी सपाट दिसते. त्रयोदशी-चतुर्दशीला दुपारी चार ते पावणेपाच ओहोटी आणि उन्हं तिरपी, म्हणजे प्रत्येक खळग्याची कड उजळलेली आणि आत काळोख. छायाचित्र काढणाऱ्यांनी हाच दिवस धरावा. धोका असा, की हिवाळ्यात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो आणि पाणी वळलेलं असतं. म्हणून साडेपाचला खडकावरून बाहेर, मग सूर्यास्त पुळणीवर बसून बघा. सूर्यास्तासाठी कातळावर थांबणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक आहे: परतताना अंधार असतो आणि खालचा खडक ओला झालेला असतो.

किती वेळ खाली राहायचं, याचा नियम पाण्याच्या चढण्याच्या पद्धतीतून येतो. पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांत समजा ३ मीटर चढणार असेल, तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर चढतं, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ७५, चौथ्यातही ७५, मग पुन्हा ५० आणि शेवटी २५. ओहोटीनंतर पहिला तास पाणी जवळजवळ थांबल्यासारखं वाटतं आणि माणूस निवांत होतो. दुसऱ्या तासाच्या अखेरीस ते पाऊण मीटर वर आलेलं असतं, तिसऱ्याच्या अखेरीस दीड मीटर. इथला खडक सपाट आहे, म्हणून उंचीतले २५ सेंटिमीटर आडवे पसरून बरंच अंतर गिळतात. यासाठी ओहोटीच्या वेळेआधी दीड-दोन तास उतरा आणि ओहोटी झाल्यावर एका तासाच्या आत बाहेर पडा. ओहोटी साडेआठला असेल तर पावणेसात-सातला उतरायचं आणि साडेनऊला पाय वाळूवर. ओहोटी झाल्यावर उतरायला सुरुवात करणारे वेळेचा चांगला अर्धा भाग गमावून आलेले असतात.

कोष्टकात लाट नसते. कोष्टक पाण्याची पातळी सांगतं, लाट वाऱ्याची आणि दूरच्या वादळांची असते. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि तरी हजारो किलोमीटरवरून आलेली लांब पल्ल्याची लाट अचानक कड्यावर चढते, असं होतं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. आदल्या दिवशी ते पाहून ठेवा. आणि घळीतून उतरण्याआधी पायऱ्यांवर बसून पंधरा मिनिटं नुसतं बघा. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. लाटा गटाने येतात. आठ-दहा लहान गेल्या की दोन-तीन मोठ्या येतात, आणि पाच मिनिटं पाहणाऱ्याला फक्त लहान दिसतात. दुसरी खूण खडकाची. पाणी उतरत असताना जो कातळ चमकतो आहे, ओला आहे, तिथे थोड्या वेळापूर्वी लाट पोचली आहे. कोरडा, मळकट राखाडी दिसणारा भाग तेवढाच आपला. चालायची वाट ओली दिसत असेल आणि ओहोटीला अजून अवकाश असेल, तर थांबा. ओहोटीची वेळ होऊनही ती ओलीच असेल, तर त्या दिवशी प्रदक्षिणा नाही. वरून हात जोडून परतावं. जून ते सप्टेंबर हा प्रश्नच येत नाही, खाली उतरूच नये.

आता कातळाकडे वळू, कारण हे सगळं ज्याच्यासाठी करायचं तो कातळच आहे.

देवळाकडून पायऱ्या चढतात आणि मग दोन उभ्या खडकांमधल्या अरुंद घळीतून समुद्राकडे उतरतात. उतार तीव्र आहे, दोन्ही बाजूंना काळी भिंत आणि समोर चिरेतून दिसणारं पाणी. ही घळ कुणी खोदलेली नाही. दख्खनचा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा. थंड होताना तो आक्रसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. लाट भेगेत शिरते तेव्हा आतली हवा दाबली जाते, लाट मागे हटली की ती सुटते. प्रत्येक लाटेला पाचर ठोकल्यासारखा हा मार चालतो आणि भेग रुंदावत जाते. खाली उतरल्यावर कातळात ज्या सरळ रेघांसारख्या चरी दिसतील, त्या याच भेगा, वेगवेगळ्या वयाच्या. काही बोटभर, काही पाय अडकेल एवढ्या, काहींत माणूस उतरेल. पाणी चढायला लागलं की ते आधी या चरींतून आत येतं आणि तुमच्या पाठीमागे जाऊन पोचतं. समोर समुद्र दूर आहे म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाचा परतीचा रस्ता असा तुटतो. म्हणून एखादी मोठी चर ओलांडून समुद्राच्या बाजूला जाल, तेव्हा दर दहा मिनिटांनी मागे वळून त्या चरीत बघा.

ज्यावर आपण चालतो तो सपाट खडक म्हणजे शाळेच्या भूगोलातला तरंगघर्षित मंच. लाटा कड्याच्या पायथ्याला झिजवतात, तिथे आडवी खोबण तयार होते, वरचा खडक अधांतरी होऊन कधीतरी कोसळतो, कडा एक पाऊल मागे सरतो. कडा मागे सरत गेला आणि त्याचं जोतं तेवढं मागे उरलं, तोच हा मंच. पुस्तकातली आकृती इथे एका नजरेत दिसते: वर कडा, पायथ्याला खोबण, कुठे गुहा, समोर मंच, मंचावर कोसळलेले धोंडे. भूगोल शिकवणाऱ्यांनी वर्गाला इथे जरूर आणावं. फक्त त्या खोबणीखाली डबा खायला बसवू नये. कोसळलेले धोंडे कुठून आले ते वर पाहिल्यावर कळतं.

मंचावर जागोजागी रांजणखळगे आहेत. त्यांच्या तळाशी गोटे दिसतील. भरतीचं पाणी खळग्यात गरगरतं, गोटे फिरतात आणि खळगा खोल होतो; जातं आणि पीठ दोन्ही एकाच दगडाचं. ओहोटीला या खळग्यांत पाणी साचून राहतं आणि त्यात लहान मासे, खेकडे, शंखांत शिरलेले साधू खेकडे, फुलासारखे उघडणारे समुद्रपुष्पाचे प्राणी सापडतात. पाहायची रीत अशी: सावली पाण्यावर पडू न देता उकिडवे बसा आणि दोन मिनिटं हलू नका. आधी काहीच दिसत नाही, मग एकेक हलायला लागतं. हात घालू नका, उचलून बाटलीत भरू नका. बाटलीतलं पाणी उन्हात तापलं की जीव मरतो.

पण हरिहरेश्वरचं खरं वैभव कड्याच्या अंगावर आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, कुठे वाटाण्याएवढी भोकं, कुठे वाटीएवढी, मधल्या भिंती कागदासारख्या पातळ. पाहणाऱ्याला वाटतं लाटांनी हे कोरलं. लाटांनी कोरलं असतं तर ते तळाशी सर्वांत जास्त असतं, आणि तळाचा खडक तर घासून गुळगुळीत झालेला आहे. जाळी त्याच्या वर आहे, जिथे लाट पोचत नाही, फक्त तुषार पोचतात. काम मिठाचं आहे. खारं पाणी दगडाच्या बारीक रंध्रांत शिरतं, उन्हात आटतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्याच्या आत सावली आणि ओल टिकते, मीठ तिथे जास्त साठतं आणि खळगा आणखी खोल जातो. मधली भिंत उन्हावाऱ्याने लवकर सुकते, म्हणून ती तग धरते. हे इतकं सावकाश चालतं की एका माणसाच्या आयुष्यात फरक दिसू नये. आणि तीच भिंत बोटाच्या एका दाबाने तुटते. कडा चढायला, तोल सावरायला जाळीला हात लावू नका. त्यावर नावं कोरणं, तैलरंगाने बाण काढणं याला तर शब्दच नाहीत. देवाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचा दगड आहे तो.

वाटेत विष्णुपद, गायत्रीतीर्थ, पांडवतीर्थ अशी स्थानं आहेत. पांडवतीर्थावर पिंडदान होतं, हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात ते यामुळे. विधी करायचे असतील तर गुरुजींशी आदल्या दिवशी बोला. भरतीच्या वेळा त्यांना तोंडपाठ असतात आणि ते सांगतील तीच वेळ धरा. दर्शनाचा क्रमही इथे ठरलेला आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत. त्यांचं मूळ गाव श्रीवर्धन इथून वीसेक किलोमीटरवर.

पायांचं बोलू. इथे पडणारे बहुतेक जण हिरव्या शेवाळावर पडत नाहीत, कारण हिरवं दिसतं आणि माणूस जपतो. पडतात ते काळ्या, पातळ, तेलकट थरावर. सुका असताना तो नुसता काळा खडक वाटतो, ओला झाला की साबण. चढावर पाऊल टाकण्याआधी टाच न उचलता पुढच्या पायाने दाबून बघायचं, सरकला तर दुसरी जागा. जिथे बार्नेकलचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक कवचाच्या जिवांचा, खरखरीत पांढुरका थर आहे तिथे पकड उत्तम मिळते, पण तिथे हात टेकला तर सोलवटून निघतो. कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते. अनवाणी प्रदक्षिणा करणाऱ्यांनी जाड सुती किंवा लोकरी मोजे घालावेत. ओले मोजे निसरड्या कातळावर चपलेपेक्षा चांगले धरतात आणि कालवांपासून थोडं रक्षण होतं. बाकीच्यांनी मागे पट्टा असलेल्या, मऊ रबरी तळाच्या सँडल घालाव्यात. अंगठ्याच्या चपला चरीत अडकतात, आणि निसटलेली चप्पल पकडायला माणूस वाकतो तेव्हा समुद्राकडे पाठ असते. झिजलेल्या तळाचे बूट चपलेहून वाईट.

समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हा नियम लहानांना आधी सांगा आणि छायाचित्र काढणाऱ्या मोठ्यांना दोनदा सांगा. कड्याच्या कडेला पाणी एकदम खोल आहे. वाळूच्या किनाऱ्यावर लाट आधी फुटते, तिचा जोर कमी होतो आणि मग ती पायाशी येते. इथे तिला फुटायला जागा नाही, ती सगळ्या वजनानिशी खडकावर चढते आणि उतरताना ओढून नेते. मोठी लाट येताना दिसली तर पळू नका. ओल्या कातळावर पळणारा पडतो. खाली बसा, मजबूत उंचवटा दोन्ही हातांनी धरा, लाट जाऊ द्या, मग वर सरका. कुणी पाण्यात पडलंच तर त्याच्यामागे उडी मारू नका. पाण्याची रिकामी, झाकण लावलेली मोठी बाटली, दोरी, ओढणी, जे तरंगेल किंवा पोचेल ते फेका. पडलेल्या माणसाला ओरडून सांगा की खडकाकडे न येता आधी समुद्राकडे थोडं बाहेर सर, कारण खडकावर आपटून होणारी इजा बुडण्याआधी जीव घेते. एकाने वर धावत जाऊन माणसं बोलवावीत, ११२ लावावा.

बरोबर माणशी एक लिटर पाणी असावं. मधे सावली नाही, पिण्याचं पाणी नाही. काळा कातळ अकरानंतर तव्यासारखा तापतो. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी. कालवाने कापलं तर जखम आधी भरपूर गोड्या पाण्याने धुवा, शिंपल्याचा कण आत राहिला नाही ना ते बघा आणि मग औषध लावा. कण राहिलेली जखम वरून मिटते आणि आत पिकते. गुडघे दुखणाऱ्यांनी घळीच्या पायऱ्या उतरू नयेत. उतरणं जमतं, पण अर्ध्या वाटेवर परतायची वेळ आली तर तोच चढ घाईने चढावा लागतो. त्यांना घळीच्या तोंडापर्यंत आणावं. तिथून घळ आणि खालचा समुद्र दिसतो, नुसतं बसायलाही ती जागा सुंदर आहे.

पोहायचं तर प्रदक्षिणेच्या खडकात अजिबात नाही. पुळणीवरही सावित्रीच्या मुखाकडच्या भागात उतरू नका: ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी बाहेर पळतं आणि ती ओढ कमरेएवढ्या पाण्यातही माणसाचे पाय सोडवते. प्रदक्षिणेला जी वेळ उत्तम, तीच तिथे पाण्यात जायला वाईट. ओढीत सापडलंच तर प्रवाहाशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या बाहेर पडावं.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव आणि म्हसळ्यावरून साधारण पावणेदोनशे किलोमीटर पडतं, मुंबईहून माणगावमार्गे दोनशेच्या थोडं पुढे. दोन्हीकडून पाच तास धरा. कोकण रेल्वेचं जवळचं स्टेशन माणगाव, तिथून साठेक किलोमीटर एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने. पहाटे पाचला निघून एका दिवसात परत, असा बेत केला तर दहाला पोचाल आणि साडेआठची ओहोटी गेलेली असेल. एका दिवसातच करायचं असेल तर द्वादशी-त्रयोदशी गाठा, तीन-चारची ओहोटी मिळते, फक्त परतीचा घाट रात्री चढावा लागतो. खरं तर मुक्कामच करावा. गावात घरगुती खोल्या आणि खानावळी भरपूर आहेत, पर्यटन महामंडळाचं निवासही आहे. खानावळीत स्वयंपाक माणसं मोजून होतो, म्हणून सकाळी प्रदक्षिणेला निघतानाच जेवणाची ताटं सांगून जा, मोदक हवे असतील तर आदल्या रात्री.

पुढे वेळासला किंवा बाणकोटच्या किल्ल्यावर जायचं असेल तर बागमांडल्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडून वेसवीला उतरता येतं. म्हाप्रळवरून रस्त्याने वळसा घालण्यापेक्षा यात बराच वेळ वाचतो. प्रदक्षिणा आटोपून लगेच तिकडे गेलात तर पाणी अजून खालीच असेल आणि धक्क्याचा एरवी बुडालेला उतार उघडा पडलेला असेल. तिथेही तोच काळा तेलकट थर असतो. दुचाकीवर मागे बसलेल्याने उतरून चालत जावं, आणि चालवणाऱ्याने पुढचा ब्रेक दाबू नये.